खिशातली टेप आणि डबीतले यंत्र

मी एक जुनी टेप आहे. कापडी, पिवळी, टोकाला पत्रा लावलेली. माझे पहिले आकडे पुसट झाले आहेत, कारण प्रसूतिगृहातल्या सिस्टर मला रोज तिथेच चिमटीत धरतात. मित्रांनो, गरोदर बाईचे पोट मोजणे हे माझे काम. पोट महिन्यांच्या हिशेबाने वाढते आहे ना, ते मी सांगते. "बाळ छान वाढतंय गं," असे मला गुंडाळत सिस्टर म्हणाल्या की बाईचा जीव भांड्यात पडायचा.

मग साखर तपासणारे यंत्र आले. त्याला मऊ डबी, मला आपला सिस्टरचा खिसा, तोही पेनांच्या गर्दीतला. ते बोटातल्या रक्ताचा एक थेंब चाखायचे, आकडा दाखवायचे आणि वाहवा मिळवायचे. माझ्या पोटात दुखू लागले. इतरांची पोटे मोजणाऱ्या मला तेव्हा कोण विचारणार?

त्या सुमारास एक शिवणकाम करणारी बाई नाव घालायला आली. अंगाने भरलेली, हसतमुख, पहिलटकरीण. पहिल्याच तपासणीत तिची साखर जास्त निघाली. खाणे सांभाळायचे ठरले. पुढच्या प्रत्येक खेपेला यंत्र चांगला आकडा दाखवी आणि सिस्टर तिला शाबासकी देत. माझा मात्र आकडा पुढेपुढेच पळत होता.

"अंग भारी असलं की टेप फसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते खरेच होते, म्हणून जास्त झोंबले.

सिस्टरनी मला पुन्हा लावून पाहिले. मग स्टूल ओढून बसल्या. "काल काय काय खाल्लंस?"

"काही नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मी जेवतच नाही. आकडा चांगला येतो ना."

"एरवी दोन जिवांचं खाते हो," सोबत आलेल्या तिच्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

यंत्र फसले होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण बाईचा चेहरा पाहून तो टिकला नाही.

"आकडा मला खूश करायला नसतो, बाळा," सिस्टर म्हणाल्या. "तुझी वाढलेली साखर बाळाला मिळते. ते नको तेवढं मोठं होतं, बाळंतपणात खांदा अडकू शकतो. जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम उतरते."

"माझ्या जाडीमुळेच ना?" ती रडू लागली.

"वजनाने धोका वाढतो. पण बारीक बायकांनाही हे होतं. हा काही तुझा गुन्हा नाही. उपाशी राहू नकोस, एवढंच ऐक."

त्या दिवसापासून जेवणानंतरची साखर तपासली जाऊ लागली. ती जास्तच निघाली. इन्सुलिन सुरू झाले, सासूबाईंनी ताटातला भात कमी करून भाजी वाढवली आणि संध्याकाळी सुनेबरोबर त्याही चालू लागल्या.

मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, पण अडकली नाही. थोड्या वेळाने मात्र तिचे हात थरथरू लागले. सिस्टरनी तिच्या टाचेतून थेंब घेतला. मी खिशात नुसती पडून. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या यंत्राला मनातल्या मनात विनवले, बोल रे बाबा लवकर. साखर उतरली होती. लगेच आईचे दूध पाजले, पुन्हा थेंब, पुन्हा दूध. अखेर आकडा वर आला. कौतुक अर्थात यंत्राचे झाले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आई होणार असेल तर तिला एवढे सांगा. तपासणीला जाताना खरे सांगावे, आमच्या आकड्यांसाठी उपाशी राहू नये. आणि तिच्या वजनावरून तिला कुणी टोमणे मारू नयेत.

काही आठवड्यांनी ती बाई स्वतःची साखर पुन्हा तपासून घ्यायला आली. ती आता ठीक होती. सिस्टरनी मुलीला कडेवर घेतले. मुलीने खिशातून लोंबणारे माझे टोक पकडले आणि सोडेच ना. यंत्र टेबलावर उघड्या डबीत होते, त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. हेवा करण्याची पाळी आता त्याची होती.