खालच्या मजल्याची ऊब

अनिपाने रजईतून पाय बाहेर काढला, जमिनीवर टेकवला आणि चटका बसावा तसा परत वर घेतला. जमीन गार होती.

"मेली की काय ही?" ती मोठ्यानेच म्हणाली.

घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि 'ही' म्हणजे खालच्या मजल्यावरची उमसुनाय, हे त्या घराच्या भिंतींनाही माहीत होतं. अनिपा गुडघे धरत खाली बसली, जाजमाचा कोपरा उचलला आणि फळ्यांना कान लावला. रोज या वेळेला आधी शेगडीचं झाकण आपटल्याचा आवाज यायचा, मग रेडिओ, मग खोकला. आज यातलं काहीच नाही. थोड्या वेळाने काहीतरी जड वस्तू फरफटत गेली आणि पाठोपाठ उमसुनाय शिंकली. अनिपाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

काराताशची खाण बंद पडली तशी माणसं पांगली होती. त्या चार मजली इमारतीत आता मोजकीच दारं उघडत. सरकारी बॉयलर तर खाणीच्याही आधी थंडावला होता. मग ज्याने त्याने आपापल्या घरात लोखंडी शेगडी बसवून तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलं. हिवाळ्यात ती इमारत लांबून विड्या ओढत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेसारखी दिसे.

अशा गावात अनिपाचं नाव होतं ते काटकसरीसाठी. जन्मभर तिने खाणीच्या दिवेखोलीत खाणकामगारांना दिवे वाटले होते, पण लोकांना ते आठवत नसे. लोकांना आठवे ते एवढंच, की सगळ्यांचा कोळसा हिवाळा संपायच्या आधी संपतो आणि अनिपाचा उरतो. खिडक्यांच्या फटींवर तिने साबण चोपडलेल्या चिंध्यांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. दोन काचांच्या मध्ये कापूस, दाराला आतून जुनी रजई, उंबऱ्याशी भुसा भरलेली लांबलचक पिशवी, आणि चारी भिंतींना लोकरीची जाड शिर्दकं. बायका बघायला यायच्या, शिकून जायच्या.

"कोळसा जाळायला अक्कल लागत नाही," अनिपा त्यांना सांगायची. "ऊब राखायला लागते."

जमिनीवर मात्र तिने एका पातळ जाजमाखेरीज काही अंथरलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "माझे पाय मला मोकळे लागतात."

खरं कारण तिच्या पायांना ठाऊक होतं. उमसुनाय दक्षिणेकडची, जर्दाळूच्या मुलखातली. तिला थंडी फार वाजे आणि ती सकाळपासून रात्रीपर्यंत शेगडी धगधगत ठेवी. ती ऊब छतातून वर येऊन अनिपाच्या तळपायांना लागे. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता, पण ऊब जात होती. ती काही भांडण विचारून चढत नाही.

भांडणाचं मूळ एका हाडात होतं. मुकादमाच्या मुलीच्या लग्नात मेंढीचे वाटे वाढले जात होते. बायकांतलं मानाचं हाड, म्हणजे जंबाश, वयाने थोरलीला. वाढणाऱ्या पोराने ते उमसुनायच्या ताटलीत ठेवलं आणि अनिपाने भर पंगतीत ते उचलून आपल्या ताटलीत घेतलं. दोघी एकाच वर्षीच्या. पासपोर्टवर तारीखही एकच, कारण त्या काळचा कारकून गावोगावच्या सगळ्या पोरांना एकच तारीख ठोकून द्यायचा. उमसुनायची आई म्हणे, तू जर्दाळू फुलले तेव्हाची. अनिपाची आई म्हणे, तू मेंढरं डोंगरावर चढली तेव्हाची. जर्दाळू आधी फुलतात आणि मेंढरं नंतर चढतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण अनिपाचं म्हणणं, "दक्षिणेत सगळंच घाईनं फुलतं, ते काय धरायचं!" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दहा-अकरा वर्षं झाली.

अनिपाने अंगावर जाड, लांब चपान चढवला आणि समोरच्या जेक्शेनचं दार ठोठावलं. जेक्शेन पूर्वी खाणीची बस चालवायचा. बायको गेल्यापासून सकाळचा चहा खाली आणि संध्याकाळचा वर, असा त्याचा नेम होता. तो दोघींहून लहान, त्यामुळे दोघींना बिनधास्त 'एजे' म्हणे. थोरल्या बाईला एजे म्हणायचं, एवढी साधी गोष्ट. पण त्या इमारतीत ती फक्त जेक्शेनलाच साधी होती.

"खाली काय चाललंय रे? शेगडी नाही पेटवली तिनं."

"तुम्हाला कशाला हवी तिची शेगडी, एजे? तुम्हाला तर कोळसा लागतच नाही म्हणे."

"मेलीबिली असेल तर कळायला नको? शेजारधर्म म्हणून विचारते."

"बांधाबांध चाललीय. उद्या मेदेर येतोय गाडी घेऊन. आईला राजधानीत नेणार. कायमचं."

"का?"

"थंडी सोसत नाही म्हणतात आता."

"तिला थंडी? अख्खा डोंगर जाळते ती!" अनिपा म्हणाली, पण आवाज चिरकला. उद्या ती गेली की जमीन अशीच राहणार, आणि रेडिओ नाही, खोकला नाही, झाकण आपटणं नाही. "जा, तिला सांग, राजधानीत धूर इतका असतो की दुपारी दिवे लावतात."

जेक्शेन गेला आणि आला. "त्या म्हणतात, माझ्या फुप्फुसांची काळजी अनिपाला आजच कशी सुचली?"

"सांग, सुनेच्या हातचा चहा पातळ असतो."

तो पुन्हा गेला, पुन्हा आला. या वेळी त्याने दाराला टेकून आधी दम खाल्ला. "त्या म्हणतात, पातळ का होईना, कोणी दिला तर." मग तो म्हणाला, "एजे, आता तुम्हीच जा. माझे गुडघे काही पोस्टातले नाहीत."

रिकाम्या हाताने जाणं तर शक्यच नव्हतं. अनिपाने कणकेचे बोर्सोक तळले, वाडगं कापडात गुंडाळलं आणि जिना उतरली.

उमसुनायने दार उघडलं. अंगात एकावर एक दोन चपान, डोक्याला शाल, त्यातून नाक तेवढं बाहेर.

"कोण गेलं?" तिने विचारलं. इतक्या वर्षांनी अनिपा दारात, म्हणजे मयताचीच बातमी असणार.

"कोणी नाही. बोर्सोक जास्त झाले."

"एकट्या बाईला जास्त होतील इतके कशाला तळतं माणूस?"

"घेणार की परत नेऊ?"

"आत ये. दार उघडं ठेवून भांडायची माझी ऐपत नाही."

आत आल्यावर अनिपा थबकली. इतकी वर्षं तिने या खोलीचं जे चित्र मनात रंगवलं होतं, त्यात उमसुनाय घाम पुसत बसलेली असे. शेगडी आता पेटली होती, लालबुंद झाली होती, आणि तरी खोलीत श्वासाची वाफ दिसत होती.

"एवढं जाळतेस आणि घर असं?"

उमसुनायने बोट वर केलं. छताच्या कोपऱ्यांत पांढरं हिम धरलं होतं. "तिथून जाते सगळी. वर कोणी शेगडी पेटवणारं असतं तर माझं छत उबदार राहिलं असतं. पण वर राहते गावाची गुरू! कोळसा मी भरते, राख मी काढते, आणि बुड तिचं शेकतं. आयत्या पिठावर रेघोट्या."

अनिपाला कानशिलं तापल्यासारखी वाटली. "तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या जमिनीवर एकच पातळ जाजम आहे हे जेक्शेननं सांगितलं, तेव्हाच कळलं. दक्षिणेतही माणसांना डोकं असतं, बाई."

"मग कोणाला बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तू वर अक्कल पाजळायचीस, बायका खाली उतरताना माझ्या दारापाशी त्याचीच चर्चा करायच्या. मी ऐकून हसायची. या गावात दुसरी करमणूक काय होती?"

ज्या काटकसरीवर अनिपा एवढी वर्षं मिरवली, तिच्यापायीच ही बाई घर सोडून निघाली होती. शरमेने तिचे डोळे भरले, आणि उमसुनायसमोर रडण्यापेक्षा तिने जिना चढणं पसंत केलं. वर जाऊन तिने भिंतींवरची शिर्दकं एकेक करून उतरवली, दोन पाठीवर टाकली, बाकीची जेक्शेनच्या पाठीवर टाकली आणि दोघं खाली आले.

"हे काय?" उमसुनाय म्हणाली.

"छताला ठोकायची."

"आणि तुझी जमीन?"

"माझे पाय मला मोकळे लागतात," अनिपा म्हणाली. "जेक्शेन, टेबलावर चढ."

जेक्शेनने त्या दुपारी दोन्ही घरच्या चहाचा हिशेब चुकता केला. एक म्हणे डावीकडे घे, दुसरी म्हणे उजवीकडे घे, आणि खिळा बोटावर बसला की दोघी एकदम म्हणत, "बघून ठोक की रे!" पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. सगळं छत लोकरीने झाकलं आणि दुपार कलायच्या आत खोली निराळीच झाली. उमसुनायने वरचा चपान काढला. मग शाल काढली. मग आतलाही चपान काढला आणि स्वतःच्या दंडांकडे कौतुकाने बघत राहिली.

वर अनिपाचं घर मात्र खालच्या उबेला बंद आणि भिंतींनी उघडं पडलं होतं. ती खिळे धरलेत का बघायला खाली आली. मग आपलं वाडगं न्यायला आली. मग वाडगं न नेता परत गेली होती म्हणून पुन्हा आली. शेवटी उमसुनायने चहा मांडला आणि दोघी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानापाशी उभ्या राहिल्या, कारण बसायचा प्रश्न होता. दारापासून लांबची मानाची जागा एकच, आणि ती थोरलीची. जेक्शेन बोट चोखत दाराजवळ बसून मजा बघत होता.

चहावर साय धरायला लागली.

"तुम्ही बसा वर, एजे," अनिपा म्हणाली.

उमसुनायने किटली खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"जर्दाळू—"

"आधी फुलतात. मला तेव्हाही ठाऊक होतं."

"मग ते हाड का ओढलंस गं? सगळी खाण बघत होती. माझ्या नवऱ्याला नंतर कितीतरी दिवस लोक चिडवायचे." उमसुनायने नाक पुसलं, वर जाऊन बसली आणि आपल्या हाताने पहिला पेला अनिपाला दिला. अनिपाने तो दोन्ही हातांनी घेतला. चहा घट्ट होता आणि फार चांगला होता.

"आता कशाला जाता?" अनिपा हळूच म्हणाली. "घर तर गरम झालं."

उमसुनाय बोर्सोक मोडून चहात बुडवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मेदेर आला तेव्हा दोघी एकाच रजईखाली पाय घालून बसल्या होत्या. त्याने छताकडे पाहिलं आणि मनापासून वाखाणलं. "झकास झालंय, आई. पण आता उठायला हवं. बायकोचे दिवस भरत आलेत. डॉक्टर म्हणतात, कधीही होईल."

अनिपाने उमसुनायकडे वळून पाहिलं. "तुम्ही तर थंडी सोसत नाही म्हणून निघाला होतात!"

"मूल हातात येण्याआधी बोलू नये," उमसुनाय पुटपुटली. "दृष्ट लागते. कोणी विचारलं तर काहीतरी सांगावंच लागतं ना."

थंडीशी अनिपा जन्मभर लढली होती. फट दिसली की तिच्याकडे तिचा उपाय असे. पण येणाऱ्या नातवंडाशी कोण भांडणार? ती उठली, सगळ्यात मोठं बोचकं स्वतः उचललं आणि मेदेर नको नको म्हणत असताना गाडीपर्यंत नेलं.

गाडीत बसताना उमसुनायने किल्ली तिच्या हातात दिली. "बंद घराला ओल धरते. मधूनमधून शेगडी पेटव. तळघरात माझा कोळसा पडलाय. तुझ्या हातून जळायचा तर तो आपल्या दोघींना पुरून उरेल."

"परत कधी येणार, एजे?"

"चालायला लागलं की."

"कोण?"

"नातवंड, दुसरं कोण! मी तर अजून चालते."

दोघी हसल्या. गाडी वळणाआड गेल्यावरही अनिपा बराच वेळ बर्फात उभी होती, आणि जेक्शेनने दोनदा हाका मारल्या तेव्हा आत आली.

आठवडाभरात गावात बभ्रा झाला, की अनिपाला म्हातारचळ लागला. काटकसर शिकवणारी बाई रोज सकाळी रिकाम्या घरात शेगडी पेटवते! बायकांनी खात्री करून घेतली. खरंच होतं. तिने उमसुनायच्या छताची शिर्दकं काढून परत आपल्या भिंतींना लावली होती. रोज ती खाली जाई, निखारे नीट धरेपर्यंत थांबे, दाराला कुलूप घाली आणि वर येऊन जमिनीवर अनवाणी पाय टेकवून बसे. स्वतःची शेगडी ती चहापुरती पेटवत होती.

एके सकाळी चहाला आलेल्या जेक्शेनला राहवलं नाही. आता दोन्ही वेळचा चहा त्याला वरच मिळत होता.

"एजे, शेगडी खाली आणि तुम्ही वर. तिथंच बसलात तर निम्म्या कोळशात भागेल. हे मी तुम्हाला सांगायचं?"

अनिपाने त्याचा पेला भरला. "खाली बसलं की खाली कोणी नाही हे दिसतं," ती म्हणाली. "वर बसलं की दिसत नाही."

जेक्शेनने पेला बाजूला ठेवला. त्याने आधी बूट काढले, मग लोकरीचे मोजे काढले, आणि तिच्या शेजारी पाय टेकवून बसला. फळ्या अजून गारच होत्या. दोघं वाट बघत राहिले.