ओट्यावरचं विरजण

जुईनगरच्या फ्लॅटमध्ये मार्चच्या उकाड्यात सात महिन्यांच्या जाईच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं होतं, आणि तिच्या आईच्या डोक्याला सोमवारचा घोर.

अबोली पीएचडी करत होती, तीही घरच्या दह्यावर. सासूबाईंच्या, म्हणजे वैजयंतीबाईंच्या विरजणातून तिने एक जिवाणू वेगळा काढला होता. हा पठ्ठ्या बॅक्टेरिओसिन नावाचं द्रव्य सोडायचा आणि आपल्याच जवळच्या जातीतल्या जिवाणूंना मारायचा.

"म्हणजे भावकीतलं भांडण म्हण की!" वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या.

जाई पोटात असताना केलेल्या पहिल्या प्रयोगात काचेच्या बशीत सगळीकडे भावकीची दाट साय आणि मधोमध, ती मेली तिथे, लख्ख रिकामं कडं उमटलं होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून मात्र तीनदा करून पाहिलं, कड्याचा पत्ता नाही. तिच्या गाइड मालतीबाई म्हणाल्या, "सोमवारी दिसलं नाही तर हा सोडून दे, दुसरा शोध." म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

शुक्रवारी संध्याकाळी ती विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळू लागली.

"अगं, ते काय बाळ आहे?" वैजयंतीबाईंनी टॉवेल ओढला. "आणि बाळाला तरी इतकं गुंडाळतात का? मान बघ तिची, घामोळं आलंय. या दिवसांत दही ओट्यावर तसंच लावते मी. फार ऊब दिली की भराभर लागतं, पण चवीत दम नसतो."

अबोलीचा हात थांबला.

पहिल्या वेळी लॅबमधलं उबवणीचं यंत्र बंद होतं! गेल्या वर्षीचा जानेवारी होता, फ्लास्क रात्रभर टेबलावरच राहिला होता. रजेवरून आल्यावर तिनेच, अगदी मायेने, यंत्र सदतीस अंशांवर लावलं. माणसाच्या अंगाची ऊब. जिवाणू मस्त पोसत होते. फक्त ते द्रव्य करायचं सोडून बसले होते.

शनिवारी तिने एक फ्लास्क यंत्रात ठेवला, एक टेबलावर. रविवारी दोन्हींतलं पाणी गाळून त्यातला आंबटपणा मारला, नाहीतर "भावकी आंबटपणानेच मेली" असं मालतीबाई म्हणायच्या, आणि भावकी पसरलेल्या बशीतल्या दोन खळग्यांत भरलं.

सोमवारी सकाळी तिने बशी उजेडात धरली. यंत्रवाल्या खळग्याभोवती काही नाही. टेबलवाल्याभोवती रुपयाएवढं कडं!

मालतीबाईंनी पट्टी लावून मोजलं, परत मोजलं. "अजून दोनदा असंच आलं पाहिजे हं," त्या म्हणाल्या, पण हसू काही लपेना. "नाव काय ठेवायचं याचं?"

"व्ही-वन. व्ही फॉर वैजयंती."

तिने घरी व्हिडिओ कॉल लावून बशी समोर धरली.

"हे काय, भोक पडलंय मधेच?"

"भावकी साफ झाली, आई! टेबलावर ठेवलं, तुमच्या दह्यासारखं."

जाई आजीचा चष्मा ओढत खिदळत होती. डोकं उघडं. अबोली काही बोलणार, तोच वैजयंतीबाई म्हणाल्या, "काढलं मी टोपडं. ओरड आता."

"राहू द्या, आई. पंखासुद्धा लावा." फोन ठेवता ठेवता तिने घाईने जोडलं, "एकवरच पण."