हलका क्लच

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मोजणीदारांचा डावा पाय रोज दुपारी एकटाच गाडी चालवायला जाई. मोजणीदार खाटेवर घोरत असत आणि पाय स्वप्नात लोण्यासारखा क्लच अलगद दाबत, अलगद सोडत ढगांतून एक फेरी मारून येई. जाग आली की तोच पाय ठणकू लागे.

अंगणातली खरी गाडी त्यांच्या लग्नाहून थोडीच लहान होती आणि तिचा क्लच दगड होता. तो दाबताना धडधाकट माणूसही दातओठ खाई. मुलाने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, तुम्हाला चालवता आली तर ठेवा. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो." मुलगा तसा प्रेमळ, फक्त जागा अडवणाऱ्या वस्तूंवर त्याचं प्रेम बसत नसे.

म्हणून मिस्त्री येऊन गाडी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात घेऊन गेला, आणि मागोमाग काठी टेकत मोजणीदार. पडलेच तर उचलायला कुणीतरी हवं म्हणून बायकोही आली. गॅरेजच्या पत्र्याला भोकं होती. त्यांतून उन्हाचे गोल कवडसे उतरत, जुन्या इंजिनांवर, टायरांवर, मिस्त्रीच्या टकलावर तरंगत राहत. ग्रीसच्या वासात सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं हळू चालायचं.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तो हसतच. मोजणीदारांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हे स्थळ कुणी जमवलं? आत प्रेशर प्लेट ट्रकची. तिच्यापुढची क्लच प्लेट तुमच्याच गाडीची. आणि पेडलचा रॉड तिसऱ्याच घरचा. सासू पैलवान, सून नाजूक आणि निरोप्या बहिरा. घर चालेल कसं?"

हे स्थळ कुणी जमवलं ते मोजणीदारांना पक्कं ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी त्यांचा मेहुणा दर रविवारी गाडी मागून न्यायचा आणि टाकी कोरडी करून परत आणायचा. बायकोच्या भावाला नाही म्हणण्याची सोय नसते. तेव्हा मोजणीदारांनी लांबच्या एका गॅरेजात गुपचूप ट्रकची प्लेट बसवून घेतली. मेहुण्याने दोनदा गाडी नेली, दोन्ही वेळा लंगडत परत आला आणि मग बसच्या प्रवासाची तारीफ करू लागला.

"प्लेट राहू दे," मोजणीदार हळूच म्हणाले. बायको ऐकण्याच्या अंतरावर बसली होती. "रॉड वरच्या भोकात सरकव. पेडल तेवढं हलकं झालं की पुरे."

मिस्त्रीने सरकवला. पेडल पिसासारखं झालं. गिअर मात्र असा करकरला की खुराड्यातल्या कोंबड्या घाबराव्यात.

"हलकं झालं, पण रॉड पुरता सरकतच नाही. क्लच अर्धवट सुटतो," मिस्त्री म्हणाला. "जोर वाचवायचा तर अंतर द्यावं लागतं, साहेब. पांघरूण एका बाजूने ओढलं की दुसरीकडे उघडं पडणार. ती प्लेट काढल्याशिवाय गत नाही."

"काढा की मग," बायको तिकडून म्हणाली. "एवढा काय जीव अडकलाय तिच्यात?"

पैलवान निघाला. गाडीच्या मापाची प्लेट बसली, जोडीचं बेअरिंग बसलं. पेडलच्या सांध्यातले झिजलेले बुश हातावर घेऊन मिस्त्री म्हणाला, "तुमच्या पायाचा अर्धा जोर यांच्यातच जिरत होता." आता रॉड वरच्या भोकात ठेवूनही क्लच पुरता सुटू लागला. राहिलं ते बारीक जुळवणं. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि पेडल दाबायला कुणीतरी पाहिजे म्हणाला. मोजणीदारांनी दोनदा दाबलं. पेडल आता हलकं होतं, पण त्यांचा गुडघा अजून जुन्याच गाडीत होता.

"वहिनी, तुम्ही बसा. दाबा. सोडा. परत दाबा."

ती दाबत राहिली, सोडत राहिली. कवडसा तिच्या मांडीवरून घसरत पावलापर्यंत गेला. बराच वेळ गॅरेजात फक्त "दाबा, सोडा" एवढंच चाललं होतं. शेवटी मिस्त्री बाहेर आला, इंजिन चालू केलं, म्हणाला, "आता पहिला गिअर टाकून अगदी हळू सोडा. कुठे पकडतं बघा."

गाडीने नाक किंचित उचललं आणि झोपेत कूस बदलावी तशी ती वीतभर पुढे सरकली. बायकोने पुन्हा क्लच दाबला.

"हे तेच पेडल आहे?"

"पेडल तेच. मागचा पैलवान काढला." मिस्त्रीने पायाने जुनी प्लेट पुढे ढकलली. "ट्रकचा आहे, वहिनी. हा बायकांनाच काय, बैलालाही दाबता आला नसता."

बायकोने प्लेटकडे बघितलं. लायसन तिने हौसेने काढलं होतं आणि मुदत संपली की न चुकता नवं करून घेत असे. कशाला, ते मोजणीदारांनी कधी विचारलं नव्हतं. घरच्या गाडीचा क्लच तिला दाबता येईना, तेव्हा तेच म्हणाले होते, जाऊ दे, सगळ्यांनाच जमतं असं नाही.

"ही कुणी बसवली?"

"मी. तुझ्या भावासाठी," मोजणीदार काठीकडे बघत म्हणाले.

"त्याला लागली?"

"लागली."

"बरं झालं. फुकट्या होता." ती थांबली. "मलाही लागली. आणि मी इतकी वर्षं माझ्याच पायाला नावं ठेवत आले."

मोजणीदार पुढचं दार उघडायला गेले.

"मागे बसा," ती म्हणाली. "शेजारी शिकवणारं माणूस नको मला."

ते मागे बसले. गाडी गल्लीतून निघाली. ओळखीच्या भिंती, गॅलरीत वाळणाऱ्या चादरी, खिडकीतली मांजरं, सगळं मागच्या काचेतून मऊ होऊन मागे पडू लागलं. गिअर कधी बदलला ते कळलंच नाही. पुलाच्या चढावर पुढची वाहनं थांबली. तिने ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी नुसत्या क्लचवर तोलून धरली. ना पुढे, ना मागे. पाण्यावर पान राहावं तशी ती चढावर तरंगत राहिली.

असं धरलं की क्लच प्लेट झिजते. नव्या प्लेटचं तर आयुष्यच निम्मं होतं. मोजणीदारांना हे अर्ध्या झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. आरशात तिचा चेहरा दिसत होता. मोजणीदारांनी खिडकीची काच खाली केली आणि नदीकडे बघत बसले.