डाव्या फ्लॅशचा तिसरा सेल

जेवणघरातले घड्याळ पुढे चालले होते, एवढेच निमित्त झाले. दत्तूअण्णा काठे यांना चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ भिंतीवर पाहवत नसे. त्यांनी स्टूल घेतले, घड्याळ खाली काढले आणि मागचे झाकण सरकवले. आत निळी चिकटपट्टी गुंडाळलेला एक सेल बसलेला होता आणि पट्टीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘डावा ३’.

अण्णा स्टुलावरच बसले.

तो सेल या क्षणी मालवणच्या किनाऱ्यापासून फार लांब, जमीन दिसेनाशी होते तिथे, छायाच्या डाव्या फ्लॅशमध्ये असायला हवा होता. छाया म्हणजे त्यांची एकुलती लेक. समुद्रातल्या प्रवाळांचे आणि माशांचे फोटो काढणे हे तिचे काम. एका संशोधक गटाबरोबर ती बोटीने गेली होती आणि बोटीवरच राहणार होती. पाण्याखाली उजेड देणारे तिचे दोन फ्लॅश होते, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. प्रत्येकात चार सेल बसत आणि ते सेल निवडण्याचे काम अण्णांचे होते.

अण्णा तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन बाहेर पडले आणि नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात निवृत्तीपर्यंत राहिले. वस्तू बिघडेपर्यंत ताणायची आणि ती नेमकी कुठे बिघडते ते पाहायचे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. गणपतीच्या सुमारास छायाने ऑनलाइन मागवलेले चकचकीत लिथियमचे सेल दाखवले, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन परत ठेवले होते.

“अण्णा, याने फ्लॅश पटकन चार्ज होतो. मासा थांबतो का माझ्यासाठी?” छाया म्हणाली होती.

“मासा गेला तर दुसरा येईल. हा सेल तापला, आत वायू झाला, तर तो जाणार कुठे? वायू बाहेर जाऊ नये म्हणूनच तुझ्या कंपनीने ते झाकण बनवलंय.”

“वायू नाही, पाणी आत येऊ नये म्हणून.”

“झाकणाला ते दोन्ही सारखेच, बाळ.”

मग त्यांनी पुन्हा चार्ज होणारे साधे निकेल जातीचे सेल आणवले. प्रत्येक सेल पूर्ण भरला, पूर्ण उतरवला, पुन्हा भरला आणि ज्यांची ताकद एकसारखी निघाली अशांचे चार-चारचे संच बांधले. डाव्याला निळी पट्टी, उजव्याला लाल. संचातला सेल संचाबाहेर जायचा नाही, असा नियम घातला. नियम घातला तो छायाला. घरात आणखी एक माणूस राहते, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले नाही.

“अहो, स्टुलावर काय समाधी लागली?” पत्नी सविताबाई ताक घुसळता घुसळता म्हणाल्या.

अण्णांनी सेल उचलून दाखवला. “हा इथे कसा आला?”

सविताबाईंनी पाहिले आणि चटकन हसल्या. “सापडलं का शेवटी? खंडेनवमीला आरतीच्या तोंडावर घड्याळ बंद पडलं होतं. पूजेच्या दिवशी बंद घड्याळ भिंतीवर ठेवायचं का? तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी बाहेरून ओरडले सुद्धा, की एक सेल घेते म्हणून. तुम्ही ‘हूं’ म्हणालात.”

“आणि त्याच्या जागी?”

“रिकामं कशाला ठेवीन? कोपऱ्यावरच्या दुकानातून टॉर्चसाठी आणलेला कोरा सेल होता, तो ठेवला. वर तुमचीच निळी पट्टी लावली, तुमच्यासारखाच ‘तीन’ काढला, म्हणजे तुमची शिस्त मोडायला नको.” त्यांनी रवी बाजूला ठेवली. “घड्याळाला काय, जुना चालतो. लेकीला नवा दिला.”

खंडेनवमीची ती सकाळ अण्णांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. मखमलाबादहून भावाने पाठवलेला झेंडू, पाटावर मांडलेली त्यांची अवजारे, मध्ये छायाचा कॅमेरा, दोन फ्लॅश आणि ताटलीत आठ सेल. शेजारी त्यांचा मीटर, त्यालाही हळदकुंकू लावलेले. शेवटची मोजणी त्यांनी आंघोळीच्या आधी केली होती. पूजेनंतर आणखी एकदा मोजावे असे त्यांच्या मनात आले होते, नाही असे नाही. पण पूजेला बसवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही वडिलांपासूनची रीत. पुढच्या पहाटे छायाने पाटावरून सगळे उचलले, दोघांच्या पाया पडली आणि गेली. मीटर दुपारपर्यंत झेंडूखालीच होता.

“का हो? काही चुकलं का माझं?”

अण्णांनी छायाला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

दुकानातला, एकदा वापरून फेकायचा तो सेल नवा असतो तेव्हा जोरकस दिसतो. मात्र फ्लॅशसारखी तहान त्याला पेलत नाही. चौघांत तो सर्वांत आधी रिकामा होणार. चार बैल जुंपलेल्या औतातला एक खाली बसला, तरी बाकीचे तिघे त्याला फरफटत ओढत राहतात, तसे बाकीचे तीन सेल त्या रिकाम्यातूनही जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहणार. तो तापणार, त्यातून वायू सुटणार आणि तो फ्लॅशच्या बंद डबीत साठत जाणार. फोटो काढून झाल्यावर छाया नेहमीप्रमाणे फ्लॅश मांडीवर घेणार, झाकणावर वाकणार आणि ते फिरवणार. कारखान्यात अशा चाचण्या ते जाड काचेच्या आडून करीत असत.

छायाने निघताना बोटीच्या मालकाच्या घरचा नंबर फ्रिजवर लावून ठेवला होता. मालक धोंडीराम स्वतःच बोटीचा तांडेल, म्हणजे चालक, होता. फोन त्याच्या बायकोने, लताबाईने, उचलला.

“बोट काल पहाटेच भायर गेली, काका. थंय फोन लागणा नाय.”

“काहीतरी सोय असेल ना? फार महत्त्वाचं आहे.”

“वायरलेस आसा. काय सांगाचा ता सांगा. पण थोडक्यात हां, खरखर लय येता.”

थोडक्यात! अण्णा या विषयावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलू शकले असते. त्यांनी डोळे मिटले, एकेक शब्द तोलला आणि म्हणाले, “डावा फ्लॅश वापरू नका. वापरला असेल तर उघडू नका. झाकण समुद्राकडे करून, माणसांपासून लांब, सावलीत बांधून ठेवा.”

लताबाईने ते त्यांना परत म्हणून दाखवले. बरोबर होते. “थांबा, लावतंय,” म्हणून तिने फोन ठेवला.

सविताबाई समोर येऊन बसल्या होत्या. हाताला लोणी तसेच होते. “उघडला तर काय होतं?” त्यांनी विचारले.

“बहुधा काही नाही.”

“आणि नाहीतर?”

“झाकण उडतं.”

“कुठे?”

अण्णांनी आपल्या चेहऱ्याकडे बोट दाखवले. सविताबाईंनी आपल्या तोंडावर पदर धरला. लोण्याचा डाग पदराला लागला, तरी त्यांनी तो पाहिला नाही.

फोन वाजला. “काका, धोंडीराम म्हणता तुमचा चेडू, छाया, पाण्यात आसा. दोन्ही फ्लॅश घेऊन गेला. वर इला की सांगतलो.”

आता करण्यासारखे काहीच उरले नव्हते. हे कळूनही अण्णा उठले, मीटर आणला आणि घड्याळातला सेल मोजला. सेल उत्तम होता. त्यांनी मीटर बंद केला आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच सेल मोजला. आकडा तोच आला. पाण्याखाली या वेळी प्रत्येक फोटोला डावीकडून एक लखलखाट होत असेल आणि प्रत्येक लखलखाटाला तो तिसरा सेल थोडा आणखी खाली बसत असेल. तिला कोणी खांद्याला हात लावून सांगावे, तर तिथे आवाजही पोहोचत नाही.

“मी देवाजवळ दिवा लावू का?” सविताबाईंनी विचारले.

“लाव,” अण्णा म्हणाले. एरवी ते काहीतरी टोमणा मारून मोकळे झाले असते. सविताबाई मात्र उठल्या नाहीत.

पुन्हा फोन आला तेव्हा दोघांचेही हात एकदम पुढे गेले. अण्णांनी फोनचा आवाज मोठा केला.

“वर इला हो चेडू!” लताबाई म्हणाली. “निरोप पोचलो. उघडूक नाय. डावो फ्लॅश मदीच बंद पडलो, आणि गरम लागता म्हणता. धोंडीरामान मागच्या बाजूक बांधून ठेवलो.”

“गरम.” अण्णांनी शब्द परत उच्चारला. “बोट परत कधी?”

“काम झाल्याशिवाय कशी येतली? चार-पाच दिस तरी.”

म्हणजे तो फ्लॅश चार-पाच दिवस बोटीवरच राहणार. आत किती दाब साठला आहे, ते कोणी सांगू शकणार नाही. ते मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नाशकातही नव्हते, मग तिथे कुठून असणार?

“आणि काका,” लताबाई पुढे म्हणाली, “छाया इचारता, सेल अण्णानीच तपासलेले ना? मग काय झाला? उजव्याचो तरी भरवसो धरू काय? धोंडीराम वायरलेसार थांबलो हा.”

अण्णांनी समोर पाहिले. सविताबाईंनी मान खाली घातली होती आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे त्या अशा पाहत होत्या, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. उजव्या संचाला तर हात लावला नाही ना, एवढे विचारायला हवे होते. विचारण्यासाठी त्यांचे तोंड उघडलेही. सविताबाईंनी मान वर न करताच ती नकारार्थी हलवली.

“तिला सांगा,” अण्णा म्हणाले, “उजवा ठीक आहे. डाव्याचा तिसरा सेल तपासायचा माझ्याकडून राहिला.”

“बरा. सांगतंय.”

अण्णांनी फोन ठेवला. घड्याळ टेबलावर पालथे पडले होते. अण्णांनी खरा तिसरा सेल हातात घेतला, परत घड्याळात बसवावा की नाही ते त्यांना ठरवता येईना, म्हणून तो तसाच मुठीत राहिला.

“नवा होता हो तो,” सविताबाई म्हणाल्या. “मी तारीख बघून घेतला होता.”

“माहीत आहे,” अण्णा म्हणाले.