ओल्या कापडाखालचा चेहरा

माझा चेहरा देखणा आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायला मला वेळ नाही. म्हणून तर विआमने शिल्पासाठी मला निवडलं आणि मी आठवडेच्या आठवडे तिच्यासमोर मान अवघडेपर्यंत बसले. आम्ही दोघी अलेक्झांड्रियाच्या कला महाविद्यालयातल्या. ती शिल्पकलेला, मी चित्रकलेला. माझं नाव नेव्हीन.

वसंत प्रदर्शनाच्या दिवशी तो मातीचा चेहरा अंगणातल्या चौथऱ्यावर होता, ओल्या कापडात गुंडाळलेला. कच्ची माती उघडी राहिली की तडकते, त्यात वाळवंटातला गरम वारा सुटलेला. विआम घरी तापाने फणफणली होती. तिने मला बजावलं होतं, "डॉक्टर मुनीर आले की मगच कापड काढ." डॉक्टर मुनीर म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते आले, सोबत कैरोचे पाहुणे. मी कापडाला हात घालणार, तोच डॉक्टर थबकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "वा! न दाखवण्याचं धाडस!"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण पाहुण्यांनीही माना डोलावल्या. आणि रोज ज्यांचे हात मातीत बरबटलेले असतात, ज्यांनी स्वतः असली ढीगभर फडकी पिळलीत, ती शिल्पकलेची पोरंसुद्धा माना डोलवायला लागली! मी तोंड उघडेपर्यंत मंडळी पुढे सरकली.

आमच्याकडे रिवाजच आहे. प्रदर्शन, नाटक, व्याख्यान, कॉलेजात काहीही होवो, प्रत्येकाने आपलं मनन लिहायचं आणि गुरुवारी अंगणात सगळ्यांसमोर वाचायचं. या गुरुवारच्या बैठकीतच डॉक्टर कैरोच्या प्रदर्शनासाठी एक काम निवडणार होते. विआमचं काम आधी दोनदा मागे पडलेलं.

मी तिला भेटायला गेले ती हसतच. "अगं, लोकांनी तुझं फडकं पाहिलं, फडकं! आणि वर भुलले!"

विआम हसली नाही. "डॉक्टरांचा फोन आला होता. कैरोला तेच पाठवू म्हणाले. कापडासकट."

"मग? तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"बरं? आणि माझं नाक? माझे डोळे? मी काय कापड वाळत घालायची दांडी म्हणून बसले होते तुझ्यापुढे?"

"तुझ्या नाकाचं काय घेऊन बसलीस, बाई! यंदाही मागे पडले तर बाबा माझं कॉलेज बंद करून काकाच्या दुकानात बसवणार आहेत. पडदे विकायला." तिचा आवाज चिरकला. "तूही कापडाबद्दल छान लिही ना. तुझं लिहिलेलं डॉक्टर मानतात."

ते मानतात हे खरंच आहे. पण मला असा राग आला, असा राग आला, की तिने पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही. तरी घरी येऊन लिहिलं. मैत्रीण आहे माझी, करते काय!

गुरुवारी शिल्पकलेच्याच सामिहने पहिलं मनन वाचलं. "हे ओलं कापड म्हणजे समुद्राने शहराला मारलेली मिठी." दुसरी एक म्हणाली, यातला थेंब न् थेंब प्रश्न विचारतो. ते थेंब मी उडवले होते, फवारणीच्या पंपाने. त्यांनी मला काहीही विचारलं नव्हतं.

मग माझी पाळी. एकदा हातात घेतलं की मी कमी पडत नाही. शब्द असे फिरवले की डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. विआम पहिल्या रांगेत होती, ताप उतरलेला पण चेहरा पांढराफटक. मी ठणकावून शेवटचं वाक्य वाचलं, "आणि म्हणूनच आत काय आहे याला काही महत्त्व नाही."

"आहे," विआम म्हणाली.

ती उठली, चौथऱ्यापाशी गेली आणि तिने कापड सोडलं. "माती तडकू नये म्हणून गुंडाळलं होतं, डॉक्टर. बाकी काही नाही. हे माझं काम."

सामिह बुटांकडे बघत बसला. डॉक्टरांचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता हे उठून चालू लागतील. पण त्यांनी चष्मा लावला आणि चौथऱ्याभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी.

"डावा कान खाली उतरलाय."

"हो, डॉक्टर."

"हनुवटीखाली घाई केलीस."

"केली."

"हे कैरोला जाणार नाही."

"माहीत आहे."

"ओठ..." ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "ओठांना मात्र हात लावू नकोस. ते साधलेत तुला."

विआम रडायला लागली आणि रडता रडता हसायला. गेल्या दोन वर्षांत तिच्या कामासमोर कुणी इतका वेळ उभंच राहिलं नव्हतं. डोळे पुसून तिने विचारलं, "कान नेमका किती उतरलाय, दाखवा ना," आणि डॉक्टरांनी बाही वर करून अंगठा मातीत रुतवला.

मी हळूच तिच्या कानाशी लागले. "अगं, आणि बाबा? दुकान?"

"सांगेन त्यांना," ती मातीवरची नजर न काढता म्हणाली, "मला वेळ नाही. कान दुरुस्त करायचाय."