अध्यक्ष उभ्या आहेत

अंबरनाथच्या महिला मंडळानं १९८७च्या गणेशोत्सवात अभिरूप संसद भरवायचं ठरवलं, तेव्हा माई पंतप्रधान होणार हे वेगळं ठरवावंच लागलं नाही. घरात ते पद त्यांच्याकडे होतंच. अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांनी सुनेला बसवलं. "अध्यक्ष चर्चेत बोलत नाहीत म्हणे," त्या चारचौघींत म्हणाल्या. "मग आमच्या उमासारखी दुसरी कोण मिळणार?"

उमा बोलत नव्हती हे खरं. पण लग्न होऊन आल्यापासून माईंनी तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं असेल तर शपथ! विठ्ठलवाडीच्या बालवाडीत तिला नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि "माई, मला जरा..." याच्या पुढं तिची गाडी काही सरकत नव्हती.

सासरे अण्णा नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांनी तालमीत बायकांकडून नियम घोकून घेतले. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, आणि अध्यक्ष उभे राहिले की सभागृहातल्या प्रत्येकानं खाली बसायचं. माई तालमीला फिरकल्याच नाहीत. पंतप्रधानांना कसली आलीय तालीम!

प्रयोगाला मांडव गच्च भरला. विरोधी बाकावरून बुवापाड्याच्या जनाबाई उठल्या. "आमच्या नळाला पानी कधी येनार, ते आधी..."

"खाली बस गं तू!" माई ताडकन उठल्या.

आणि उमाही उठली. सासूबाई उभ्या असताना सुनेनं बसायचं नाही, ही त्या घरची रीत तिच्या अंगात इतकी मुरली होती की आपण कुठल्या खुर्चीवर आहोत याचंही तिला भान राहिलं नाही. आता सगळा मांडव हसणार.

हसलं कुणीच नाही. बाकांवरच्या बायका चिडीचूप झाल्या, जनाबाईही बसल्या. उभ्या राहिल्या एकट्या माई.

"अध्यक्ष उभ्या आहेत," पडद्याआडून अण्णा म्हणाले. "पंतप्रधानांनी बसावं."

माई इकडंतिकडं बघत खाली बसल्या. उमाला एकदम मोकळं मोकळं वाटलं.

"जनाबाईंचा प्रश्न पुरा होऊ द्या," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मग पंतप्रधान उत्तर देतील. त्यांनाही मध्ये कुणी तोडणार नाही."

टाळ्यांनी मांडव दणाणला. पुढं माई उठत राहिल्या, उमाही उभी राहत गेली. आता मात्र सवयीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "माई, मी सोमवारपासून..."

"काय सोमवारपासून?" माई कपासकट उठल्या.

उमा उठली. ताठ उभी राहिली. अण्णांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतलं. माईंनी सुनेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपल्या आपण खाली बसल्या.

"बोला, अध्यक्ष महोदया," त्या म्हणाल्या.

"मी सोमवारपासून विठ्ठलवाडीच्या बालवाडीत शिकवायला जाणार आहे."

माईंनी चहाचा एक घोट घेतला. "मग डबा किती वाजता लागेल?" त्यांनी बसूनच विचारलं.