शेलापागोट्यांचा डबा

पत्र्याचा डबा, चौकोनी, पाच किलोचा. झाकणाला वीतभर फट.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून टेम्पोत बसून आलेले दोन कर्णे.

एका मोटारीचं खाकी कव्हर.

साठ मुलं, साठ रुमाल, प्रत्येक रुमालाला एक सेफ्टी पिन.

बंबात जळणारा कागद. जळताना अक्षरं आधी चमकतात, मग जातात.

आणि एक माणूस, माईकसमोर, तोंड उघडं, आवाज नाही. किती वेळ? तीन सेकंद म्हणा. फार तर चार.

*

त्या माणसाचं नाव दिनानाथ. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता, त्याच्या स्टोअरमध्ये हा कारकून. खिडकीतून हात बाहेर यायचा, हातात मागणीचा कागद असायचा, दिनानाथ माल द्यायचा. तीनशे चौसष्ट दिवस लोकांना त्याचे फक्त हात दिसायचे.

उरलेला एक दिवस त्याचा. जानेवारीत कंपनीच्या कॉलनीचं स्नेहसंमेलन व्हायचं. लहान मुलांचे नाच, संगीत खुर्ची, बायकांची पाककृती स्पर्धा, आणि सगळ्यांत शेवटी शेलापागोटे. कॉलेजची पोरं त्यालाच फिशपॉण्ड म्हणतात. आठवडाभर तो फटीचा डबा कॉलनीच्या वाचनालयात ठेवलेला असे. ज्याला ज्याच्याबद्दल जे बोलायचं असेल, ते त्यानं दोन ओळींत लिहावं, खाली सही करू नये, घडी घालून आत टाकावं. संध्याकाळी दिनानाथ माईकवरून एकेक वाचायचा. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं जागेवर उभं राहायचं, हात जोडायचे, आणि काहीही ऐकावं लागलं तरी हसायचं. बसलेला माणूस किंवा रडलेला माणूस, दोघांचीही वर्षभर चेष्टा व्हायची.

दिनानाथचा आवाज मोठा गोड, आणि हुकमी. शिवाय त्याचे स्वतःचे दोन नियम होते आणि ते तो दरवर्षी सुरुवातीला सांगायचा. एक, चिठ्ठी मी आधी मनात वाचत नाही, घडी उघडतो ती तुमच्यासमोरच, म्हणजे दिन्यानं अमक्याची गाळली, तमक्याची राखली असं कुणी म्हणायला नको. दोन, अक्षर कुणाचं ते मी बघत नाही, आणि उद्या सकाळी सगळ्या चिठ्ठ्या आमच्या बंबात.

"आणि त्या पाण्यानं हे आंघोळ करतात," मालिनी, त्याची बायको, पुढच्या रांगेतून ओरडायची. "तरी मेले तसेच!"

तिथूनच हशा सुरू व्हायचा.

*

नुसता हशा नव्हे. १९८५ सालची ही चिठ्ठी पाहा:

मोठ्या साहेबांना: हातमोज्यांना कापड नाही पुरलं, मोटारीला कव्हर मात्र शिवलं.

साहेब उभे राहिले, हात जोडले, हसले. हसावंच लागलं, शेजारी त्यांची बायको टाळ्या वाजवत होती. प्रेस शॉपच्या आणि टूलरूमच्या माणसांनी हातमोज्यांसाठी दीड वर्ष अर्ज केले होते. पत्र्यानं तळवे कापत, हळद दाबून माणसं पाळी भरत. चिठ्ठी वाचल्यावर पंधराव्या दिवशी हातमोजे दिनानाथच्या खिडकीत आले. मोजून एकशे वीस जोड. ते वाटताना त्याला वाटलं, हे माझ्या तोंडून आले. युनियनला जमलं नाही ते एका डब्यानं केलं. माणसाला मनातलं बोलायला एक फट पुरते, असं तो त्या वर्षी ज्याला त्याला सांगत सुटला.

*

१९८६. अठरावी चिठ्ठी.

"बालवाडीच्या कुंदाताईंना!"

कुंदाताई उभ्या राहिल्या. कॉलनीतली सगळी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांचे यजमान शशिकांत टूलरूममध्ये फिटर होते, ते शेजारी बसून खांद्यावरची शाल सावरत होते. कुंदाताईंनी हात जोडले.

"साठ पोरांची झाली माई..."

टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. कुंदाताईंचं हसू खरंखुरं होतं, शिस्तीचं नव्हतं.

टाळ्या चालू असताना दिनानाथची नजर पुढच्या ओळीवर गेली.

तो थांबला.

कर्ण्यांचा मालक खूबचंद स्टेजच्या बाजूला पेटीशी बसला होता. सिंधी माणूस, दहा वर्षं कॉलनीत येत होता, मराठी अर्धीमुर्धी कळायची. आवाज बंद झालेला पाहून त्याला वाटलं, माईक गेला. त्यानं आवाजाची चावी फिरवली, पार शेवटपर्यंत.

समोर चारशे माणसं वाट बघत होती. कुणी हसायच्या तयारीत पुढे वाकलं होतं. घास तोंडाशी नेऊन थांबावं, तसा सगळा मांडव थांबला होता. ओठांवर आलेली ओळ दिनानाथला दुसऱ्या कशानं बदलता आली असती. "पुढचं पुसलंय," म्हणता आलं असतं. खोकला तरी होताच. पण तो वाचणारा होता, आणि समोर तो मांडव होता.

"...घरचा पाळणा हलतच नाही!"

कर्ण्यांमधून ते आठव्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत गेलं. विमको नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं म्हणतात.

हशा फुटला. मोठा. त्या थांबण्यामुळं जास्तच मोठा. मग तो मधूनच विरला, कारण हसणाऱ्यांनी मान वळवून पाहिलं. कुंदाताई उभ्याच होत्या, हात जोडलेले, तोंडावर हसू. ते कुठे ठेवावं हे कळत नसल्यासारखं तसंच. शशिकांतनी शाल काढून घडी घालायला सुरुवात केली. अगदी नीट, चौपदरी. मग दोघं निघून गेले.

दिनानाथनं एकोणिसावी चिठ्ठी उघडली.

सामान आवरताना खूबचंद म्हणाला, "दिनाभाई, माफ करना. मैं समझा माइक गया. आपने क्या रुक के पंच मारा! सब हंस पड़े. क्या बोला था?"

"काही नाही," दिनानाथ म्हणाला. "ऐसे ही."

*

सभेचं इतिवृत्त. ता. २ फेब्रुवारी १९८६. स्थळ: वाचनालय. हजर: अकरा.

विषय: शेलापागोट्यांमुळे एका भगिनीची झालेली मानहानी. अध्यक्ष अण्णा यांनी खेद व्यक्त केला. यापुढे सर्व चिठ्ठ्या आठ दिवस आधी मोठ्या साहेबांच्या कचेरीत तपासून, शिक्का मारून घ्याव्यात असे सुचवले. संबंधित भगिनीची लेखी तक्रार आल्यावर ठराव पक्का करावा असे ठरले. चहापान.

*

"अण्णा, हे साहेबांचं डोकं," दिनानाथ सभेनंतर म्हणाला. "कव्हरवाली चिठ्ठी त्यांना अजून टोचतेय."

"असेना! बाईमाणसाचा अपमान झाला की नाही? तूच केलास."

"मी केला? मी लिहिली?"

"तोंड तुझं होतं बाबा," अण्णा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दिनानाथला दोन रात्री झोप लागली नाही. कचेरीचा शिक्का बसला की डबा मेला. मग त्यात उरणार काय, 'जोशीकाका वांगी फार खातात'? आणि डबा मेला की दिनानाथ पुन्हा खिडकीतले दोन हात. कुंदाताईंनी सही केली नाही तर मात्र सगळं वाचणार होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बालवाडीत गेला.

मुलं गेली होती. कुंदाताई पाट्या धुवून भिंतीला लावत होत्या. बसायला मुलांचं स्टूल होतं, तेवढंसं. दिनानाथ त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला.

"ताई, अण्णा आले होते का?"

"आले होते. कागद लिहूनच आणला होता. मी फक्त सही करायची."

"मग?"

"मी म्हटलं, अण्णा, मोटारीला कव्हर हवंय तर तसं सांगा. त्यासाठी माझा पदर कशाला ओढता?"

दिनानाथला हसू आलं, ते त्यानं गिळलं. "म्हणजे सही नाही?"

"नाही. आमच्या ह्यांचे हात आता कापत नाहीत. ते मोजे कुठून आले, मला ठाऊक आहे."

झालं होतं काम. उठावं आणि जावं. पण माणसाला आणखी एक गोष्ट हवी असते.

"ताई, ती चिठ्ठी मी लिहिली नव्हती."

"ठाऊक आहे."

"आणि मी आधी मनात वाचतही नाही. नियमच आहे माझा. तोंडातून जातं तेव्हाच मला कळतं."

कुंदाताईंनी हातातली पाटी पुसली. मग पुसलेलीच पुन्हा पुसली.

"नियम आहे, होय," त्या म्हणाल्या. "उठा आता दिनानाथराव, स्टूल मोडेल. मुलं बसतात त्यावर."

*

शशिकांत पूर्वी खिडकीशी आले की गप्पा मारायचे. क्रिकेट, बदलापूरच्या प्लॉटचे भाव, सासऱ्यांचा दमा. आता नुसता मागणीचा कागद आत यायचा.

कानस, मध्यम. नग एक.

दिनानाथ कानस द्यायचा. हात ती घेऊन जायचा. वर्षभर असं चाललं. घरी मालिनी एकदा म्हणाली, "अहो, जाऊन माफी मागा की."

"कशाची? मी काय केलं?"

"मग नका मागू," ती म्हणाली. "पण झोपेत दात खाऊ नका."

*

१९८७. ठराव बारगळला होता. डबा तोच, खूबचंद तोच, कर्णे तेच. दिनानाथनं नियम सांगितले. मालिनी या खेपेला काही ओरडली नाही.

सातवी चिठ्ठी उघडली तेव्हा त्यानं न बघायचं अक्षर बघितलं, कारण न बघून इलाज नव्हता. फळ्यावर असतं तसं मोठं, सुटं, गोल अक्षर. आणि खाली सही. शेलापागोट्यांत सही कुणी करत नसे.

"दिनानाथरावांना!" तो मोठ्यानं म्हणाला.

लोक खूश झाले. वाचणाऱ्यालाच चिठ्ठी! "उभे राहा, उभे राहा!" कुणी ओरडलं. तो उभाच होता. त्यानं कागद अंगठ्यात धरून हात जोडले.

"आधी वाचत नाही, अशी शपथ घेतात..."

टाळ्या. आणि नजर पुढं गेली. जायचीच ती. डोळे तोंडाच्या अर्धं पाऊल पुढं चालतात, हे त्याला सहा वर्षं ठाऊक होतं आणि त्यानं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाशी, कुंदाताई उभ्या होत्या. वर्षानं पहिल्यांदा आलेल्या. एकट्या.

इथं तो पुन्हा थांबला. पुढचं काय आहे हे मांडवात दोघांनाच माहीत होतं. त्यानं काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं. 'बायकोला मात्र घाबरून असतात' म्हटलं असतं तर छप्पर उडालं असतं. खूबचंदचा हात चावीवर गेला. दिनानाथनं त्याच्याकडं बघून मान हलवली. नको. माईक ठीक आहे.

"...अर्ध्यावर थांबून सगळं वाचतात. खाली सही, कुंदा."

कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांना कळलंही नाही. ज्यांना कळलं ते आपापल्या मुलांकडं बघू लागले.

"खरं आहे," दिनानाथ माईकवर म्हणाला. "मागच्या वर्षी मी वाचलं होतं. मला वेळ होता."

खांबाशी उभ्या असलेल्या कुंदाताईंनी मान हलवली नाही, हसल्याही नाहीत. खाली बसल्या. शेवटपर्यंत बसून राहिल्या.

पुढची चिठ्ठी त्यानं उघडली, मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. त्यापुढचीही तशीच. "अहो, जोरात!" मागून कुणीतरी ओरडलं. "झोप लागली का?" कार्यक्रम रखडला. हशाचा ताल गेला. माणूस वाचून बोलतोय म्हटल्यावर विनोदाची धार कमी होते, हे खरंच. साहेबांवर तीन चिठ्ठ्या होत्या. त्या त्यानं तिन्ही वाचल्या, चढ्या आवाजात.

एक वाचली नाही. साहेब आणि त्यांच्या कचेरीतली टंकलेखिका यांच्याबद्दल होती. वाचली असती तर साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. पण नाव पुकारल्यावर उभं राहायचं होतं तिला. त्यानं ती खिशात घातली आणि त्या क्षणी त्याला वाटलं, आपल्या हातात कचेरीचा शिक्का आला.

ती चिठ्ठी बंबात गेली नाही. रिटायर होऊन बदलापूरला राहायला गेला तरी ती त्याच्या कपाटात होती. कधी कधी काढून वाचायचा. ती साहेबांवर होती की त्या मुलीवर, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मालिनीला ती दाखवून विचारलं तर ती म्हणाली, "मला दाखवलीत, इथंच उत्तर आलं. मांडवात का नाही वाचलीत?"

*

डब्याच्या झाकणाला फट १९८१ साली शशिकांतनी पाडली होती, आणि चिठ्ठी टाकताना कुणाचं बोट कापू नये म्हणून तिच्या दोन्ही कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या.